बेरेनिके बंदरातील मुके साक्षीदार



या व्याख्यानमालेत संतांवर व्याख्याने होतात, नाटकांवर होतात, राजकारणावर तर होतातच. आज हाडांवर व्याख्यान आहे हे फळ्यावर वाचून काही जणांच्या कपाळाला आठी पडली असेल. त्यात त्यांचा दोष नाही. हाड दिसले की पाय बाजूला घ्यावा, असेच आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. तरीही तुम्ही आलात. तेव्हा आता तासभर ही हाडे सोसून घ्यावीत, अशी विनंती आहे.

इतिहासाच्या कोर्टात हाडांइतका भाबडा साक्षीदार दुसरा नाही, असे माझे मत आहे. शिलालेख राजा कोरवून घेतो, आणि कोणताही राजा स्वतःची निंदा कोरवीत नाही. व्यापारी वही लिहितो ती जकातदाराला दाखवण्यासाठी. प्रवासी लिहितो तो वाचकाला चकित करण्यासाठी. पण जेवून झाल्यावर परसात टाकलेले हाड दोन हजार वर्षांनी कोणी पाहील, म्हणून कोणी निवडून टाकलेले नसते. ते बोलत नाही. आणि बोलत नाही म्हणूनच खोटेही बोलत नाही. त्याला प्रश्न मात्र नीट विचारता आले पाहिजेत.

ज्या शहराच्या हाडांविषयी मी बोलणार आहे, त्याचे नाव बेरेनिके. ईजिप्त देशात, लाल समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावर, अस्वानपासून सुमारे २६० किलोमीटर पूर्वेला ते आहे, म्हणजे होते. आज तेथे वाळू आहे आणि वाळूत बुडालेल्या भिंती आहेत. टॉलेमी घराण्यातल्या दुसऱ्या टॉलेमीने इ. स. पूर्व २७५ च्या सुमारास हे बंदर वसवले आणि त्याला आपल्या आईचे नाव दिले. पुढे रोमन बादशाहीत ते भरभराटले आणि इ. स. च्या सहाव्या शतकात ओस पडले. म्हणजे आठशे वर्षांचे आयुष्य झाले. बंदराला हे काही थोडे नव्हे. १८१८ मध्ये बेल्झोनी नावाच्या इटालियन प्रवाशाने ही जागा ओळखली. पण पद्धतशीर उत्खनन सुरू झाले ते १९९४ मध्ये, स्टीव्हन साइडबॉटम आणि विलेमिना वेंड्रिख यांच्या नेतृत्वाखाली. पुढे २००८ पासून पोलंडचे संशोधकही त्यात सामील झाले.

या गावाची एक गोष्ट आधी मनात पक्की करून घ्या, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. येथे काही पिकत नव्हते. पाऊस नावालाच. गावातले पाणी मचूळ. गोडे पाणी कित्येक किलोमीटरांवरून, डोंगराच्या बाजूच्या विहिरींतून आणावे लागे. धान्य यायचे नाईलकाठच्या कॉप्टॉसहून, उंटांच्या पाठीवर. प्लिनी सांगतो की हे अंतर २५७ रोमन मैल, वाटेला दिवस बारा, आणि उन्हामुळे प्रवास बहुतेक रात्रीचा. २५७ रोमन मैल म्हणजे जवळजवळ ३८० किलोमीटर झाले. या वाटेवर माल वाहणाऱ्या निकानोर नावाच्या माणसाच्या कुटुंबाच्या पावत्या खापरांवर लिहिलेल्या सापडल्या आहेत. गहू इतका, दारू इतकी, अमक्याला पोचली, असा सगळा रोकडा हिशेब त्यांत आहे. आता ध्यानात घ्या, की ज्या गावी माणसाचा घासच बारा दिवस चालून येतो, त्या गावात एखादे मुके तोंड पोसायचे तर ते कुणीतरी ठरवून, पदरमोड करून पोसलेले असणार. आपल्या खेड्यात गावकुत्रे कुणाचेच नसते आणि तरी जगते. बेरेनिकेत असे फुकट जगणे कठीण होते. म्हणून तेथले प्रत्येक हाड म्हणजे कुणाचा तरी एक निर्णय आहे.

हे निर्णय वाचायचे कसे? पूर्वीचे उत्खनक सोने, नाणी, मूर्ती ठेवून घेत आणि हाडे ढिगाऱ्यात फेकून देत. हल्ली माती बारीक चाळणीतून चाळतात, त्यामुळे माशाचा काटा आणि कोंबडीच्या पिलाचे हाडही हाती लागते. मग प्राण्याची जात ओळखायची. शेळी आणि मेंढी यांची हाडे इतकी सारखी असतात की मुरलेला अभ्यासकही पुष्कळदा ‘शेळी किंवा मेंढी’ एवढेच लिहून पुढे जातो. दातांच्या झिजेवरून वय कळते. हाडावरच्या सुरीच्या खुणांवरून ते खाल्ले की पुरले हे कळते. आपल्याकडे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी इनामगावला १९६८ ते १९८३ पर्यंत खोदकाम केले, तेव्हा तेथल्या शेतकऱ्यांच्या घरात काय शिजत होते, हे त्यांनी याच मार्गाने दाखवले. विद्या तीच, गाव तेवढे निराळे.

आता बेरेनिकेच्या जन्माकडे वळू. हे बंदर मिरीसाठी वसले नाही, मोत्यांसाठी नाही. ते वसले हत्तींसाठी. टॉलेमी राजांना सीरियाच्या राजांशी लढायला हत्ती हवे होते, आणि हिंदुस्थानचा मार्ग तर शत्रूच्या ताब्यात. म्हणून त्यांनी आजच्या सुदान-एरिट्रियाच्या बाजूला आफ्रिकी हत्ती धरण्याच्या मोहिमा काढल्या. हे हत्ती खास बांधलेल्या गलबतांत घालून उत्तरेकडे आणायचे. पण लाल समुद्राच्या उत्तर भागात वारा बहुतेक उत्तरेकडूनच वाहतो. त्याच्या तोंडावर शिडाचे जड गलबत हाकणे हा जिवाशी खेळ. म्हणून दक्षिणेलाच, बेरेनिकेला, हत्ती उतरवायचे आणि पुढे वाळवंटातून पायी नाईलपर्यंत न्यायचे. हत्ती वाहणारे एक गलबत बुडाल्याचा उल्लेख इ. स. पूर्व २२४ मधल्या एका पत्रात आहे. ही सारी माहिती कागदावर होतीच. पण बेरेनिकेच्या त्या काळच्या थरांत हत्तीचे अवशेष मिळाले, तेव्हा कागदाला हाडाचा दुजोरा मिळाला. एका हत्तीला दिवसाला शंभर-दीडशे किलो चारा आणि शंभर लिटरच्या वर पाणी लागते. ज्या गावी माणसाला पाणी मोजून, त्या गावी हा पाहुणा! इतके करून शेवटी काय झाले? इ. स. पूर्व २१७ मध्ये राफियाच्या लढाईत ईजिप्तचे ७३ हत्ती सीरियाच्या १०२ हिंदी हत्तींसमोर उभे राहिले. पॉलिबियस लिहितो की हिंदी हत्तींच्या वासाने आणि चीत्काराने आफ्रिकी हत्ती बिचकले. लढाई टॉलेमीने जिंकली खरी, पण हत्तींच्या जोरावर नव्हे.

हत्तींचे दिवस सरले आणि रोमनांचे राज्य आले. आता हाडे स्वयंपाकघरातून बोलू लागतात. बेल्जियमचे विम व्हान नेर आणि त्यांचे सहकारी यांनी ही हाडे अभ्यासली. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या उकिरड्यांत डुकराची आणि कोंबडीची हाडे दिसतात. डुक्कर हा मेंढरासारखा वाळवंटातून हाकत नेण्याचा प्राणी नव्हे. त्याला पाणी लागते, सावली लागते. असल्या ठिकाणी डुकराचे मांस खायचे म्हणजे वाळवंटात बसून भूमध्य समुद्राकाठच्या जेवणाचा हट्ट धरायचा. हा हट्ट कोण धरतो? जो दूरच्या मुलखातून नोकरीवर किंवा व्यापाराला आलेला असतो आणि ज्याच्या खिशात पैसा असतो तो.

याहून गमतीची गोष्ट माशांची. समोर लाल समुद्र, प्रवाळखडकांत हवे तितके मासे. ते तर हे लोक खातच. पण त्याच उकिरड्यांत नाईल नदीतल्या माशांचे काटेही मिळतात. आपल्या मांगुराच्या जातीचा तो मासा सुकवून, खारवून, बारा दिवसांची वाट तुडवून समुद्रकाठच्या गावात आणलेला! व्यापाराच्या हिशेबाने हा शुद्ध वेडेपणा आहे. पण घाटावरचा माणूस बदली होऊन कोकणात जातो आणि चारी बाजूंना भात पिकत असताना गावाहून ज्वारीचे पीठ मागवतो, त्याला हा वेडेपणा समजावून सांगावा लागणार नाही.

चौथ्या-पाचव्या शतकात उकिरड्याचे रूप पालटते. डुक्कर, कोंबडी मागे पडतात. शेळ्यामेंढ्या पुढे येतात. म्हणजे जेवण आता नाईलकडून कमी आणि आसपासच्या वाळवंटातल्या मेंढपाळ टोळ्यांकडून जास्त येऊ लागले. गावातही त्याच लोकांचा, ब्लेमी म्हणून ग्रंथांत ज्यांचा उल्लेख येतो त्यांचा, वावर वाढला. लेखी इतिहास रोमन सत्ता खिळखिळी झाल्याचे सांगतो. ते खरे की खोटे, हे बेरेनिकेच्या चुलीनेच सांगून टाकले आहे.

याच उत्तरकाळातले एक छोटे देवालय २०१९ मध्ये खोदले गेले. त्यात एका चौथऱ्याभोवती १५ ससाणे पुरलेले मिळाले आणि त्यांतल्या बहुतेकांना डोकी नव्हती. जवळच ग्रीक अक्षरांतला एक शिलालेख मिळाला. त्याचा आशय एवढाच, की येथे डोके उकळणे योग्य नव्हे! ससाण्यांची डोकी कुठे गेली याचा अंदाज तुम्ही बांधू शकता. मला त्या पुजाऱ्याचे मन कळते. आपल्या देवळांतही ‘येथे चपला काढू नयेत’ अशी पाटी तेथेच लागते, जेथे लोक चपला काढीत असतात.

आता ज्या हाडांसाठी मी हा विषय निवडला, त्यांच्याकडे येतो.

२०११ मध्ये शहराच्या कडेला, एका जुन्या रोमन उकिरड्याखाली, प्राण्यांची दफने मिळू लागली. पोलंडच्या मार्ता ओसिपिन्स्का यांनी त्यांचा अभ्यास हाती घेतला. २०२१ मध्ये त्यांनी जो हिशेब प्रसिद्ध केला, त्यात ५८५ प्राणी होते. त्यांत ५३६ मांजरे, ३२ कुत्री, १५ माकडे, एक कोल्हा आणि एक ससाणा. काळ इ. स. च्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा; म्हणजे हे आपल्याकडील सातवाहनांचे समकालीन.

शंका दोन प्रकारे घेता येते. पहिली अशी की, उकिरडाच तो. मेलेली मांजरे टाकली असतील, त्यात एवढे काय? दुसरी अधिक विद्वानांची शंका : ईजिप्तमध्ये मांजर हा देवतेचा प्राणी, देवाला वाहण्यासाठी मांजरे मारून, मसाले भरून पुरण्याची तेथे रीतच होती, हाही तसाच धार्मिक प्रकार असणार.

दोन्ही शंकांना उत्तर हाडेच देतात. टाकलेले जनावर वेडेवाकडे पडते. ही जनावरे झोपल्यासारखी निजवलेली आहेत. काहींच्या अंगावर कापड, काहींच्या अंगावर रांजणाचा तुकडा पांघरुणासारखा ठेवलेला. काही मांजरांच्या गळ्यात धातूचे पट्टे, काहींच्या गळ्यात मणी. उकिरड्यावर फेकायच्या मांजराच्या गळ्यातला पट्टा कोणी ठेवीत नाही. आणि देवाला वाहिलेली म्हणाल, तर नाईलकाठच्या देवळांतल्या मांजरांच्या ममी क्ष-किरणांखाली पाहिल्या की अनेकांच्या माना मोडलेल्या दिसतात. कोवळी पिले वाढवून मुद्दाम मारलेली. बेरेनिकेच्या मांजरांवर अशा हिंसेच्या खुणा नाहीत, मसाले नाहीत, ममी नाही. ती आजाराने, अपघाताने, म्हातारपणाने मेलेली आहेत.

मांजरे बंदरात कशासाठी पाळतात हे सांगायला नको. धान्याची कोठारे आणि जहाजे आली की उंदीर आलेच. तेव्हा मांजर उपयोगाचे होते, मान्य. पण उपयोगाच्या जनावराची किंमत त्याचा उपयोग संपेपर्यंतच असते. म्हणून मला मांजरांपेक्षा कुत्र्यांची साक्ष मोठी वाटते. त्यांत म्हातारी कुत्री आहेत. काहींचे दात जवळजवळ सगळे गेलेले, सांधे आखडलेले. अशा कुत्र्याला शिकार जमत नाही, हाड फोडता येत नाही, राखण तरी कसली करणार? ते इतके जगले याचा अर्थ कोणीतरी रोज त्याच्यापुढे मऊ अन्न ठेवीत होते. एक मोठ्या चणीचा कुत्रा आहे. तसा कुत्रा त्या मुलखात नेहमी दिसणारा नव्हे. त्याच्या हाडात कर्करोग होता. पोटाच्या जागी त्याच्या शेवटच्या जेवणाचे अवशेष होते. मासे आणि बकऱ्याचे मांस. त्याला चटईत गुंडाळून वरून रांजणाचे तुकडे झाकले होते. मरणपंथाला लागलेल्या कुत्र्याला बकऱ्याचे मांस! आणि तेही कुठे, हे मी मघाशी सांगितलेच आहे. प्राण्यांवर माया करणे ही भरल्या पोटाच्या आधुनिकांची चैन आहे, असे जे म्हणतात, त्यांनी या कुत्र्याचा विचार करावा. तेथे पोट भरलेले होते की नव्हते हा प्रश्न निराळा; ते भरायला काय पडत होते, हे निकानोरच्या पावत्या सांगतात.

उरली माकडे. आधी असा समज होता की ती आफ्रिकेतली असणार. ईजिप्तला माकडे दक्षिणेकडून येत, हे चित्रांतून माहीत होते आणि बेरेनिके तर आफ्रिकेतच आहे. म्हणून त्यांची नोंदही आफ्रिकी माकडे अशीच झाली. पुढे कवट्या-हाडांची त्रिमितीय चित्रे घेऊन ती निरनिराळ्या जातींशी ताडून पाहिली, तेव्हा २०२० मध्ये जाहीर झाले की ही माकडे आफ्रिकेतली नव्हेत; ती हिंदुस्थानातली आहेत. त्यांत दोन जाती ओळखल्या गेल्या. एक उत्तरेकडचे लाल तोंडाचे माकड. दुसरे, डोक्यावर केसांची टोपी घातल्यासारखे दिसणारे, माथेरानला आणि महाबळेश्वरला तुमच्या हातातले शेंगदाणे हिसकावते ते. पुढच्या हंगामांत दफने वाढत गेली आणि माकडांची संख्या तिशीपलीकडे पोचली.

बेरेनिकेचा आणि आपला व्यापार होता ही बातमी जुनीच आहे. तेथे सागवान मिळाले, आपल्याकडचे सुती कापड मिळाले, तांदूळ, नारळ मिळाले. सेरापिसच्या देवळाच्या अंगणात पुरलेल्या, हिंदुस्थानी बनावटीच्या एका रांजणात साडेसात किलोहून अधिक काळी मिरी मिळाली. २०२२ मध्ये बुद्धाची एक संगमरवरी मूर्तीही मिळाली. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-पोथीत भडोच आहे, सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे. आत पैठण आणि तेर यांचीही नावे आहेत. कुठून हस्तिदंत, कुठून कापड, कुठून अकीक न्यायचे, हे सारे त्या पोथीत बारकाईने लिहिले आहे. मात्र आपल्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या मालाच्या त्या याद्यांत माकड नाही. कारण उघड आहे. याद्या विक्रीच्या मालाच्या असतात. माकड खलाशाच्या खांद्यावर बसून जाते, किंवा कुणा अंमलदाराने हौसेने मागवलेले असते. असल्या गोष्टी व्यापाऱ्याच्या वहीत उतरत नाहीत. त्या उतरतात मातीत.

हे माकड कोणत्या बंदरात गलबतावर चढले? नेमके सांगता येणार नाही. पण टोपीवाले माकड तापीच्या दक्षिणेचे आणि लाल तोंडाचे बहुतांशी उत्तरेचे, अशी त्यांची आजची वाटणी ढोबळमानाने आहे. तेव्हा एकाला भडोच सोयीचे आणि दुसऱ्याला सोपाऱ्यापासून केरळपर्यंतचे कोणतेही बंदर, एवढे म्हणायला हरकत नाही. प्लिनी सांगतो की जहाजे हिंदुस्थानातून परतायला डिसेंबरात, फार तर जानेवारीच्या मध्यापर्यंत निघत. म्हणजे कुठल्यातरी थंडीत, ईशान्येचा वारा शिडात भरून, हे पोर कित्येक आठवडे समुद्रावर होते. त्याला पाणी कोणीतरी आपल्या वाटणीतले दिले. ते पोचले हे नक्की, कारण ते तेथेच पुरले आहे.

मात्र ते तेथे फार दिवस जगले नाही. यांतली बरीच माकडे कोवळ्या वयात मेलेली आहेत. अभ्यासकांचा कयास असा की त्यांना ताजी फळे, पालेभाजी मिळाली नाही. पाळणाऱ्याने दिले नसेल असे नव्हे. त्या गावात ते नव्हतेच. बारा दिवसांच्या वाटेने गहू येतो, सुका मासा येतो, पेरू येत नाही. माया होती आणि कैदही होती. एकादोघांच्या गळ्याशी बांधण्याची साधनेही आढळली आहेत. कुत्र्याच्या बाबतीत मी पाळणाऱ्याची बाजू घेतली, माकडाच्या बाबतीत ती तितक्या सहज घेता येत नाही. ज्या जनावराला आपल्या गावी जगवता येणार नाही ते हौसेने समुद्रापार आणायचे आणि मेल्यावर थाटाने पुरायचे, ही माणसाची जुनी खोड दिसते.

आणि थाट खराच होता. मांजरांच्या दफनांत वस्तू क्वचित ठेवलेल्या दिसतात, माकडांच्या दफनांत पुष्कळदा. त्यांतल्या एका लहान माकडाचे दफन सांगतो. त्याच्याभोवती कापड होते. शेजारी गवताची विणलेली टोपली होती आणि मडक्यांचे तुकडे होते. सोबतीला मांजराची तीन पिले पुरलेली होती. आणि डोक्याशी दोन मोठे, सुंदर शिंपले टेकवून ठेवले होते. ते शिंपले हिंदी महासागरातले आहेत.